सोमवारचं पोटदुखणं

सातवीतला तो मुलगा जुलैपासून दर सोमवारी दुसऱ्या तासाला पोट धरून बाकावर डोकं टेकवू लागला. पहिल्या दोन वेळा आम्ही त्याला ओवा आणि गरम पाणी दिलं. तिसऱ्या वेळी घरी पाठवलं. चौथ्या सोमवारी त्याच्या डायरीत लाल शाईने लिहिलं, "अभ्यास टाळण्यासाठी कारणे सांगतो. पालकांनी लक्ष द्यावे." वीस वर्षं वर्गात काढल्यावर मुलांची ढोंगं आपल्याला ओळखता येतात, असा आमचा समज होता. त्या शेऱ्यानंतर पोटदुखी सोमवारवरून मंगळवारी सरकली, मग गुरुवारीही आली, आणि ऑगस्ट संपेपर्यंत मुलाची हजेरी निम्म्यावर उतरली.

घरच्यांनी त्याला चिपळूणला नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, जंतांचं औषधही देऊन पाहिलं. काही निघालं नाही. हे आधी करायलाच हवं होतं, कारण पोटात खरंच काही नाही ना हे पाहिल्याशिवाय मनात शिरणं धोक्याचं असतं. पण आता डॉक्टर म्हणाले, "याला काही नाही." घर म्हणालं, "मग रोज रडतो का?" आणि प्रत्येकाने आपापला गुन्हेगार शोधला.

वडील म्हणाले, आईने लाडावून ठेवलाय. आई म्हणाली, हे आल्यापासून घरात नुसता आरडाओरडा, पोर घाबरलंय. दादी म्हणाल्या, सून शिरजोर झाली, त्याचे हे परिणाम. आम्ही तर लाल शाईत निकाल देऊन मोकळे झालो होतो की दोष पोराचाच.

या घराची हकिकत आमच्या खाडीकाठच्या गावांना नवी नाही. वडील अकरा वर्षं कुवेतला होते. दोन वर्षांनी एकदा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या सुट्टीवर येत. ते दिवस म्हणजे ईदच. मे महिन्यात कंपनीने माणसं कमी केली आणि ते दोन मोठ्या बॅगा घेऊन कायमचे परतले. या अकरा वर्षांत बँक, वीजबिल, गवंड्याचा हिशेब, वरच्या मजल्याचा स्लॅब, दादींच्या साखरेच्या गोळ्या, शाळेच्या पालकसभा, सगळं आईने एकटीने ओढलं होतं. मुलगा तिच्या शेजारी झोपायचा, बाजारात पिशवी धरायचा, मोबाईलवर रिचार्ज मारून द्यायचा. बारा वर्षांचं ते पोर घरातला छोटा कारभारीच होतं.

आता घरात एक माणूस वाढला होता. वाढला म्हणजे नुसती एक ताटली जास्त असं नाही. एक माणूस आला की घरातल्या प्रत्येकाची जागा हलते, आणि त्या हलण्याबद्दलच आम्हाला आज लिहायचं आहे.

आम्ही बी.एड. केलं त्या वर्षी मानसशास्त्राच्या पेपरात मुलाची बुद्धी, मुलाची प्रेरणा, मुलाच्या वाढीचे टप्पे, असं सगळं एकट्या मुलाचं शिकवलं होतं. मूल जणू तराजूत एकटंच ठेवून तोलायचं. कुटुंब पाहायचं ते 'पार्श्वभूमी' या रकान्यापुरतं. दुसऱ्या बाजूने पाहणारा एक विचार आहे, हे आम्हाला फार उशिरा, आणि खरं सांगायचं तर या मुलाच्या निमित्तानेच, वाचायला मिळालं. इंग्रजीत त्याला सिस्टिम्स थिअरी म्हणतात. मराठी पुस्तकांत प्रणाली सिद्धांत किंवा व्यवस्था सिद्धांत असं नाव दिसतं. नाव जड आहे, गोष्ट जड नाही.

व्हिएन्नाजवळ १९०१ साली जन्मलेले लुडविग फॉन बर्टलान्फी नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की सजीवाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कितीही अभ्यासला तरी सजीव कळत नाही. तुकडे एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, यात त्याचं जगणं असतं. त्यांचं या विषयावरचं मुख्य पुस्तक १९६८ साली आलं. त्याआधी १९४८ साली अमेरिकेतले गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी यंत्रं आणि सजीव स्वतःला कसं सावरून धरतात यावर पुस्तक लिहिलं होतं. घरातला फ्रिज घ्या. आत गरम झालं की मशीन सुरू होतं, पुरेसं गार झालं की आपोआप बंद पडतं. गारवा वाढल्याने मशीन थांबतं, मशीन थांबल्याने गारवा कमी होतो, तो कमी झाल्याने मशीन पुन्हा सुरू. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता? दोन्ही एकमेकांच्या शेपटीला धरून फिरतात.

घरात हे कसं दिसतं ते १९६७ सालच्या एका पुस्तकात सांगितलं आहे. पॉल वॉट्झलाविक, जॅनेट बीव्हिन आणि डॉन जॅक्सन असे त्याचे तिघे लेखक. नवरा गप्प राहतो आणि बायको बोलत राहते, असं एक जोडपं त्यांनी घेतलं आहे. नवऱ्याला विचारा. तो सांगेल, ही सारखी बोलते म्हणून मी गप्प बसतो. बायकोला विचारा. ती सांगेल, हे गप्प बसतात म्हणून मला बोलावं लागतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. फरक एवढाच की एकाच गोल दोरीवर प्रत्येकाने सुरुवातीची गाठ वेगळ्या ठिकाणी मारली आहे. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणानंतर हाच संवाद चालतो. फक्त पूर्वी नवरा वर्तमानपत्रामागे लपायचा, आता मोबाईलमागे.

या विचाराच्या मुळाशी मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन होते. न्यू गिनी बेटावर सेपिक नदीच्या काठी राहणाऱ्या इआतमूल लोकांत राहून त्यांनी १९३६ साली पुस्तक लिहिलं. तिथे त्यांना दिसलं की माणसं एकमेकांना दोन तऱ्हांनी ढकलत नेतात. एकाने बढाई मारली की दुसरा त्याहून मोठी मारतो, ही एक तऱ्हा. एक जितका दबतो तितका दुसरा चढतो, आणि दुसरा चढतो म्हणून पहिला आणखी दबतो, ही दुसरी. लग्नाच्या वाटाघाटींत बसलेल्या कुणालाही पहिली तऱ्हा ओळखीची वाटेल. दुसरी ओळखायला मात्र घराच्या आत जावं लागतं.

जुने लोक बायकोचं नाव घेत नसत. आमचे एक आजोबा काही ठरवायचं असलं की "घरमें पूछता हूँ" म्हणायचे. लहानपणी आम्हाला हसू यायचं, हे भिंतींना विचारणार की काय! आता वाटतं, त्या बोलण्यात नकळत एक खरी गोष्ट होती. उत्तर एका माणसाकडून येत नसे, ते घराकडूनच येई. आजोबा विचारत, दादी चूल सारखी करत गप्प राहत, थोरली फुफी मध्ये काहीतरी बोले, आणि संध्याकाळपर्यंत निर्णय झालेला असे. तो कुणी घेतला हे कुणालाच सांगता आलं नसतं.

घर बरं व्हायला घाबरतं

डॉन जॅक्सन मानसोपचारतज्ज्ञ होते. १९५७ साली त्यांनी एका लेखात आपल्या रुग्णांबद्दलचा एक चमत्कारिक अनुभव मांडला. घरातला रुग्ण सुधारू लागला की कधीकधी घरातलं दुसरंच कुणीतरी आजारी पडतं. त्यांनी त्यावरून म्हटलं की कुटुंब एक तोल धरून असतं. तो तोल दुःखाचा असला तरी घर तो सोडत नाही, कारण तो ओळखीचा असतो.

आमच्या मुलाच्या घराचा तोल अकरा वर्षांत बसला होता. वडील पैसे आणि फोन, आई कारभार, दादी देखरेख, मुलगा आईचा हात, आणि धाकटी मुलगी सगळ्यांची लाडकी. वडील नसणं हा त्या तोलाचाच भाग होता. कुणाला ऐकायला कठोर वाटेल, पण ज्या घराने एका माणसाच्या गैरहजेरीभोवती स्वतःला रचलं, त्या घरात तो माणूस परत येणं हाही एक धक्काच असतो. दोष कुणाचाच नसतो. बाप आपल्याच घरात चमचे कुठल्या खणात आहेत हे विचारत फिरतो, आणि आईला तिच्याच घरात पहिल्यांदा 'कुठे गेले पैसे?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

मरे बोवेन हे या विषयातलं दुसरं मोठं नाव. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या छोट्या गावातले, पाच भावंडांत थोरले. १९५४ ते १९५९ या काळात वॉशिंग्टनजवळच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि पुढे आख्ख्या कुटुंबांना वॉर्डात राहायला आणलं. रोज पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दोन माणसांमधला ताण फार काळ दोघांत राहत नाही. तो तिसऱ्याला ओढून घेतो. त्याला त्यांनी त्रिकोण म्हटलं. नवरा-बायकोत बिनसलं की मूल मध्ये येतं, नाहीतर सासू, नाहीतर फोनवरची बहीण. तिसरा आला की दोघांना थोडं हलकं वाटतं, आणि म्हणून तिसरा सुटत नाही.

आमच्याच घरातलं सांगतो. लग्नानंतरची पहिली चार-पाच वर्षं आम्हाला ठामपणे वाटत होतं की सासूबाईंना आमचा चहा आवडत नाही. कधी साखर जास्त, कधी पाणचट. आम्ही चहाची पूड बदलली, दूध बदललं. बऱ्याच वर्षांनी ध्यानात आलं की चहा बिघडायचा तो बहुतेक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. पगार झाला की अम्मी मुलाकडे, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे, धाकट्या दिरासाठी पैसे मागत. ह्यांना नाही म्हणवत नसे आणि हो म्हणणं परवडत नसे. दोघं एकमेकांना काही बोलत नसत. मग चहात साखर जास्त होई! आम्ही रागावून ह्यांच्याकडे तक्रार करायचो, हे आम्हाला समजावत बसायचे, आणि आई-मुलातला पैशाचा विषय पुढच्या महिन्यावर जायचा. म्हणजे आमचा रागही त्या घराच्या कामी येत होता.

बोवेन यांचा उपाय सांगायला सोपा आहे. तिसऱ्याने तोडून टाकायचं नाही, पक्षही घ्यायचा नाही, दोघांशीही बोलत राहायचं आणि त्यांचा विषय त्यांच्याकडेच परत द्यायचा. करायला तो किती अवघड आहे हे त्यांनी स्वतः अनुभवलं. १९६७ साली फिलाडेल्फियातल्या एका परिषदेत त्यांनी ठरलेला शास्त्रीय निबंध बाजूला ठेवून, आपल्याच आई-वडिलांच्या आणि भावंडांच्या त्रिकोणांतून बाहेर पडण्याचा आपण कसा प्रयत्न केला, तेच सांगितलं. आपल्या वाचकांना इथे सूरह निसाची ३५वी आयत आठवेल. पती-पत्नीत फूट पडण्याची भीती असेल तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमण्याची सूचना तिच्यात आहे. एकच मध्यस्थ असता तर तो कुठल्यातरी बाजूला ओढला जाण्याची भीती होती. दोन घरचे दोन, आणि समेट घडवण्याची नियत. आमच्याकडे प्रत्यक्षात काय होतं? मुलीच्या घरून सहा जण येतात, मुलाकडचे आठ बसलेले असतात, आणि बिर्याणी गार होईपर्यंत दोन पक्ष झालेले असतात.

मुलांच्या शरीरावर हे कसं उतरतं याकडे लक्ष वेधलं ते साल्वादोर मिनुचिन यांनी. मूळचे अर्जेंटिनाचे, शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ. न्यूयॉर्कजवळच्या एका निवासी शाळेत गरीब वस्त्यांमधल्या, गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं. मुलगा शाळेत सुधारायचा आणि घरी गेला की पुन्हा तसाच व्हायचा, तेव्हा ते मुलाला सोडून घराकडे वळले. १९६५ पासून ते फिलाडेल्फियातल्या मुलांच्या उपचारकेंद्राचे प्रमुख होते. तिथे मधुमेह असलेल्या काही मुलांची साखर औषध वेळेवर असूनही वारंवार बिघडायची. मिनुचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई-वडिलांना एकमेकांतल्या भांडणाच्या विषयावर बोलायला बसवलं. मूल पलीकडच्या खोलीत एकतर्फी काचेतून पाहत होतं. मधूनमधून सगळ्यांचं रक्त घेऊन ताण दाखवणारा एक घटक मोजला. काचेमागे बसलेल्या मुलाचाही ताण चढला. मग मुलाला आत आई-वडिलांजवळ आणलं. आई-वडिलांचा आकडा उतरू लागला, मुलाचा मात्र चढाच राहिला. १९७८ सालच्या पुस्तकात त्यांनी हे मांडलं. मुलांची संख्या लहान होती आणि पुढे अभ्यासकांनी या निष्कर्षांवर शंकाही घेतल्या, म्हणून तो पुरावा शेवटचा मानू नये. पण ते वाचताना आमच्या डोळ्यांसमोर बाकावर डोकं टेकवलेला तो मुलगा आला, आणि त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

हा सगळा विचार परदेशातूनच आला असं समजायचं कारण नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर राहायला बोलावलं होतं. जागा आणि माणसं कमी, रुग्ण फार, ही अडचण होतीच. पण नातेवाईक जवळ राहिले, आजार समजून घेऊ लागले, आणि रुग्णांना घरी परत नेण्याची त्यांची भीती कमी झाली. पुढे चंदीगडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरांचा अभ्यास झाला आणि तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या घरांच्या मानाने इथल्या नातेवाइकांच्या तोंडी रुग्णाबद्दल बोचरे शब्द कमी होते, आणि खेड्यांतल्या घरांत शहरांपेक्षाही कमी. आपल्या एकत्र राहण्याची आपणच फार स्तुती करतो, पण इथे ती निदान मोजून झाली आहे.

टाळी आणि हात

आता या विचाराची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर लेख लबाडीचा होईल.

"टाळी एका हाताने वाजत नाही." मराठीतही हेच म्हणतात आणि उर्दूतही. प्रणाली सिद्धांत वरवर वाचला तर तो या म्हणीचीच शास्त्रीय आवृत्ती वाटतो. आणि ही म्हण आमच्या मोहल्ल्यात बहुतेक कधी ऐकू येते? मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला परत पाठवताना. तिचंही काहीतरी चुकलं असेल, टाळी एका हाताने वाजत नाही! तिच्या गालावर जी वाजली ती टाळी नव्हती, आणि ती एकाच हाताने वाजली होती.

अमेरिकेत रेचल हेअर-मस्टिन यांनी १९७८ साली कुटुंबोपचारांच्या एका नामांकित नियतकालिकात लेख लिहून विचारलं की घरातल्या सगळ्यांचा एकमेकांवर परिणाम होतो म्हणता, पण सगळ्यांची ताकद सारखी असते का? पुढे इतर अनेकींनी हा प्रश्न लावून धरला आणि उपचार करणाऱ्यांना आपल्या पद्धती बदलाव्या लागल्या. ज्याच्या हातात पैसा, घर आणि हात उगारायची मुभा आहे, त्याचा परिणाम आणि जिच्या हातात काही नाही तिचा परिणाम एका मापाने मोजता येत नाही. परिणाम दोन्हीकडून होतो हे खरं, म्हणून जबाबदारीही निम्मी-निम्मी होते असं नाही. मारहाणीच्या घरात आधी सुरक्षितता पाहायची, वर्तुळं नंतर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आपल्यालाही लागू आहे, आणि महिलांसाठी १८१ व मुलांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक घरातल्या मुलीला पाठ असावेत.

दुसरी चूक याच विचाराच्या जनकांनी केली. बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली असं मांडलं की घरातून, विशेषतः आईकडून, सतत परस्परविरोधी संदेश मिळाल्याने स्किझोफ्रेनिया होऊ शकतो. पुढच्या संशोधनात हे टिकलं नाही. त्या आजारात आनुवंशिकतेचा आणि मेंदूचा वाटा मोठा आहे. पण तोवर कितीतरी आया आपल्याच मुलाच्या आजाराचा गुन्हा डोक्यावर घेऊन जगल्या. घराचा परिणाम आजाराच्या चढउतारावर होतो, याचा अर्थ घराने आजार निर्माण केला असा होत नाही. गंभीर आजाराला औषध लागतं, आणि ते बंद करून घरात समेट करत बसणं ही जिवाशी खेळी आहे.

हे सगळं वाचून झाल्यावरही मुलाचं पोट दुखतच होतं. आम्ही शिक्षक, समुपदेशक नव्हे. तरी सप्टेंबरमध्ये आम्ही आधी त्याच्या आईला एकटीला गाठलं आणि स्पष्ट विचारलं, हात उगारला जातो का? ती म्हणाली, "नाही मॅडम, आवाज चढतो, हात नाही." दोनदा विचारून खात्री केल्यावर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यानंतर वडील, आई आणि दादी तिघांना बोलावलं. धाकटी मुलगी चौथीत, तिला घरी कुणाकडे ठेवणार, म्हणून तीही आली.

सुरुवात आम्ही स्वतःपासून केली. लाल शाईतला शेरा आमची चूक होती, असं सांगितलं. कारण तो घरी गेल्यावर काय झालं हे आम्हाला नंतर कळलं होतं. शेरा वाचून वडील आईवर ओरडले, आईने मुलाला पाठीशी घातलं, मुलगा रात्रभर तळमळला आणि सकाळी पुन्हा पोट धरून बसला. आम्ही पुन्हा शेरा लिहिला. असे तीन शेरे. आम्ही समजत होतो, आम्ही बाहेरून पाहतो आहोत. आम्ही तर त्या वर्तुळात मधोमध उभे होतो, हातात लाल पेन घेऊन.

मग आम्ही 'का' हा शब्द टाळला. एवढंच विचारलं, की पोट दुखू लागलं की घरात कोण काय करतं? दादी म्हणाल्या, "मी हिंग लावते." आई म्हणाली, "मी त्याच्याजवळ झोपते." वडील म्हणाले, "मी रिक्षा बोलावतो." थोडा वेळ कुणी बोललं नाही. धाकटी आमच्या टेबलावरच्या रबरी शिक्क्याशी खेळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भाईचं पोट दुखलं ना, की अब्बा-अम्मी एकाच रिक्षात बसतात."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. आईने ओढणी सारखी केली.

सोमवारच का, याचं उत्तरही त्या दुपारी मिळालं. रविवारी रात्री इशाच्या नमाजनंतर वडील अकरा वर्षांचा हिशेब काढून बसत. कुवेतहून आलेल्या पैशांच्या पावत्या त्यांनी प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये तारखेवार लावून आणल्या होत्या. आईकडे पावत्या नव्हत्या. तिच्याकडे घर होतं, वरचा मजला होता, दादींची वाचलेली दृष्टी होती, आणि दोन मुलं होती. "अकरा वर्षं मी तिकडे एका खोलीत आठ जणांत झोपलो. इथे मला पाहुण्यासारखं विचारतात, चहा घेणार का," वडील म्हणाले. "अकरा वर्षं मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायला कुणी नव्हतं. आता रॉकेलच्या बाटलीचाही हिशेब?" आई म्हणाली. दोघंही एकमेकांकडे न पाहता आमच्याकडे पाहून बोलत होते. आम्ही खुर्ची थोडी मागे सरकवली. एवढं तरी बोवेनसाहेबांकडून शिकलो होतो.

फार मोठं काही ठरलं नाही. हिशेब रविवारी रात्री मुलांसमोर नको, शनिवारी दुपारी करायचा. बाजार आणि वीजबिल वडिलांकडे, बँकेचं खातं दोघांच्या नावे. मुलाने रात्री दादींच्या खोलीत झोपायचं. त्याने आधी नाराजी दाखवली, मग दादींच्या गोष्टींना सोकावला. शाळेत आमच्याकडून एक बदल. पोट दुखलं तर ऑफिसात दहा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं आणि वर्गात परत यायचं. घरी फोन नाही, शेरा नाही. आठ दिवसांत तो चिडला आमच्यावर. त्याची जुनी नोकरी आम्ही काढून घेत होतो ना. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पोटदुखी महिन्यातून एखादवेळवर आली.

पण जॅक्सन यांचं म्हणणं आम्ही विसरलो नव्हतो. मुलाचं पोट शांत झालं तशी त्याच्या आई-वडिलांची भांडणं उघड्यावर आली. आता मध्ये रिक्षा नव्हती. वडिलांना पुन्हा आखातात जायचं होतं, आईचा साफ नकार. "दुकान टाका, मासळीच्या बर्फाचा धंदा करा, पण या वेळी इथेच," असं ती दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर म्हणाली. तिचे मामू आणि त्यांचे चुलते, दोघंच बसले होते. त्या बैठकीला आम्हाला बोलावलं नव्हतं, ते बरंच झालं. निर्णय अजून झालेला नाही. व्हिसाचे कागद कपाटात आहेत.

गेल्या महिन्यात चौथीच्या वर्गशिक्षिका आम्हाला स्टाफरूममध्ये म्हणाल्या, धाकटी हल्ली बोटांची नखं कुरतडते, पार रक्त येईपर्यंत. आम्ही लगेच तिच्या आईला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "पाहिलंय मॅडम. तिच्या अब्बांनीच आधी पाहिलं. शनिवारी आम्ही सगळे बसणार आहोत. अब्बा विचारत होते, मॅडम येतील का, का आपलं आपण बसायचं?"

आम्ही म्हटलं, आधी आपलं आपण बसा.